नेरिडाची धार

केल्विन थर्लीला धार लावायच्या ग्राइंडरची भीती वाटायची. आमच्या ह्यूऑन खोऱ्यात ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. एक त्याची बायको नेरिडा, आणि दुसरा मी. बाकी सगळ्यांच्या लेखी केल्विन म्हणजे अख्ख्या टास्मानियात सगळ्यात तेज धार लावणारा कातारी. त्याच्या गोल पटाशीने लेथवर ब्लॅकवुडचा वाडगा कातायला घेतला की लाकडाच्या लांबच लांब रिबिनी निघायच्या आणि बघणाऱ्याच्या खांद्यावर येऊन पडायच्या. मेलबर्नहून, पार न्यूझीलंडहून माणसं ते बघायला यायची.

मी क्लॅरी. तेहतीस वर्षं शाळेची बस चालवली. थर्लींच्या आणि माझ्या परसात एकच कुंपण. मीही हौसेपायी लाकूड कातायचो, आणि वाईट कातायचो.

ही गोष्ट मात्र नेरिडाची.

तिचे वडील गीव्हस्टनच्या वरच्या अंगाला एका लाकूडगिरणीत करवतींचे डॉक्टर होते. म्हणजे पुरुषभर उंचीच्या चक्री करवतींना सरळ करणं, दात काढणं, धार लावणं हे त्यांचं काम. आईला दम्याचा त्रास होता. त्यामुळे शाळा सुटली की नेरिडा थेट बापाच्या खोलीत जाऊन बसायची. दहाव्या वर्षी तिच्या हातात कानस आली. बारा वर्षांची असताना ती नुसत्या आवाजावरून सांगायची, "बाबा, तो दात जास्त घासला." चौदाव्या वर्षी गिरणीच्या मुकादमाने बापाला सुनावलं, "अ‍ॅल्फ, ही काय बाहुल्या खेळायची जागा आहे का? उद्यापासून पोरगी इथे दिसता कामा नये." मग ती सफरचंदं भरायच्या शेडमध्ये कामाला लागली. सात वर्षं तिने सफरचंदं कागदात गुंडाळून खोक्यात रचली. एकवीस वर्षांची झाल्यावर केल्विनशी लग्न केलं.

केल्विन तेव्हा एका सुतारखान्यात जिन्याचे कठडे आणि व्हरांड्याचे खांब कातायचा. देखणा, बोलका, खांद्याने रुंद. नेरिडा मला एकदा म्हणाली होती, "नाचायला उठला ना, की सगळ्या हॉलमधल्या बायका खुर्च्या सरसावून बसायच्या." पुढे त्याने घरामागे स्वतःची शेड घातली. दोघांना मूल झालं नाही. त्याबद्दल दोघंही कधी बोलली नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

अडुसष्ट साली, सफरचंदांचा हंगाम चालू असताना, ते झालं. एक बंद पडलेला कारखाना आपलं सामान विकायला काढत होता. तिथून केल्विनने ग्राइंडरचं एक जुनं चाक आणलं. चाक बसवायच्या आधी ते बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोकायचं असतं. घंटेसारखा आवाज आला तर चाक अखंड, आणि फुटक्या मडक्यासारखा आला तर आत तडा. केल्विनला हे माहीत होतं, पण घाई होती. त्याने चाक चढवलं आणि बटण दाबलं.

नेरिडा बाहेर कपडे वाळत घालत होती. बंदुकीच्या बारासारखा आवाज तिने ऐकला. चाकाचा एक तुकडा पत्रा फाडून आभाळात गेला होता आणि दुसऱ्याने केल्विनचा जबडा फोडला होता. तीन दात जमिनीवर पडले होते. तिने ते वेचले आणि रुमालात बांधून इस्पितळात नेले, जसे काही परत बसवणारच होते.

दारूच्या गुत्त्यावर केल्विनने सांगितलं की लेथवरून लाकडाचा ओंडका उडाला. ओंडका उडणं ही कातकामातली मर्दानी जखम होती. न तपासता चाक बसवणं म्हणजे नवशिक्याचा गाढवपणा. ते खोटं सगळ्यांनी मानलं, आणि त्याच्या हनुवटीवरच्या वणाचा मान वाढला.

सहा आठवड्यांनी तो शेडमध्ये परतला. नवं चाक आलं होतं आणि ते नेरिडाने स्वतः ठोकून बघितलं होतं. केल्विन ग्राइंडरसमोर उभा राहिला. बटणापर्यंत हात गेला आणि तिथेच थांबला. त्याच्या मानेवरून घाम ओघळताना तिला दिसला.

"नेर, नाही होत गं माझ्याच्यानं."

"नाही तर नाही. हो बाजूला."

त्या दिवशी तिने पहिली पटाशी जाळली. तेव्हाची पटाश्यांची पोलादं जुनी होती. जरा जास्त टेकवली की टोक निळं पडायचं, पोलादाचं पाणी उतरायचं. मग ती धार तासभरही टिकायची नाही. दुसरी पटाशी तिने दर दोन क्षणांनी पाण्यात बुडवत केली. तिसरी बरी झाली. आठवड्याभरात तिला बापाच्या खोलीतलं सगळं आठवलं. आधी आवाज, मग ठिणग्या, आणि डोळ्यांनी बघायचं ते सगळ्यात शेवटी.

केल्विन तेवढा वेळ व्हरांड्यात जाऊन बसला. ग्राइंडर सुरू झाला की तो उठून बाहेर जायचा, आणि ही सवय शेवटपर्यंत गेली नाही.

पहिली काही वर्षं यात कुणाचं काही वाईट चाललंय असं कुणालाच वाटलं नसावं. नवरा-बायकोची कामं असतातच वाटलेली. पण सत्तरच्या दशकात कातीव वाडग्यांना एकदम भाव आला. होबार्टचे दुकानदार गाड्या घेऊन दारात यायला लागले. तोवर नेरिडाने पटाशीला स्वतःचा एक आकार दिला होता. पटाशीच्या पोटातल्या पन्हळीच्या दोन्ही कडा ती लांबवर मागे उतरत न्यायची, त्यामुळे तीच पटाशी कडेने लावली की रंधा मारल्यासारखी चालायची. मेलबर्नहून आलेल्या एका कातार्‍याने ती उचलून उजेडात धरली.

"हा आकार कुठून काढलास रे?"

"हाताला सुचला," केल्विन म्हणाला.

नेरिडा तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. दोन-चार वर्षांत त्या आकाराला लोक 'थर्ली धार' म्हणायला लागले. नाव थर्ली, तेव्हा अर्धं तिचंही होतं असं म्हणता येईल. एकदा मीच मूर्खासारखा तसं तिला म्हणालो होतो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी बोलणं सफरचंदांवर नेलं.

मला कळलं ते एकोणनव्वद साली. मी सकाळी बस फिरवून आलो आणि केल्विनचा पान्हा मागायला कुंपणावरून पलीकडे गेलो. शेडमध्ये ग्राइंडर चालू होता. आणि केल्विन व्हरांड्यात पाय पसरून चहा पीत बसला होता.

मी थबकलो. केल्विनने कप खाली ठेवला.

"नेर चाक साफ करतेय," तो म्हणाला.

चाक साफ करतानाचा आवाज खरखरीत असतो. हा आवाज एकसारखा, बारीक, लांब होता, मांजराच्या गुरगुरण्यासारखा. मी शेडच्या दाराशी गेलो. ती पाय जरा फाकवून उभी होती. पटाशीची मूठ कमरेला टेकवलेली, डाव्या हाताची दोन बोटं टेकूपाशी पटाशीवर नुसती ठेवलेली. हात हलत नव्हतेच. तिचं सगळं अंग डावीकडून उजवीकडे झुलत होतं आणि त्याबरोबर पटाशी आपोआप वळत होती. ठिणग्यांची एक झिरमिळी धारेच्या वरून उडत होती. ती वरून उडायला लागली म्हणजे चाक टोकापर्यंत पोचलं, तिथे थांबायचं असतं. ती थांबली. मग मला पाहिलं.

"पान्हा खिळ्याला अडकवलाय," ती म्हणाली. एवढंच.

मी पान्हा घेऊन आलो. केल्विन माझा मित्र होता. मी कुणाला काही बोललो नाही. ते सोपंही होतं, कारण मला कुणी विचारलंच नाही.

ब्याण्णव साली आमच्या कातारी मंडळाने केल्विनला गळ घातली. मंडळाचा अध्यक्ष बॅसिल मर्फेट, निवृत्त पोस्टमास्तर, भला आणि भलताच बडबड्या माणूस. तो म्हणाला, "केल, आता आम्हाला धार लावायला शिकव. तू गेलास की विद्याच जायची."

केल्विनने हात झटकले. "ही काय शिकवायची गोष्ट आहे होय? ती हातात असावी लागते."

सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, "खरा कलावंत!" नेरिडा चहाबरोबरच्या स्कोनवर जॅम लावत होती. चाकू तिथल्या तिथे थांबला, मग पुन्हा चालू झाला.

त्या रात्रीच्या जेवणात काय झालं ते तिने मला फार पुढे सांगितलं.

"मी शिकवते त्यांना," ती म्हणाली.

"वेडबीड लागलंय का तुला?"

"का? मला येतं. त्यांना हवंय."

"आणि लोकांना काय सांगायचं? की थर्लीला स्वतःच्या ग्राइंडरची धडकी भरते? बायको धार लावते, तेव्हा कुठे हा कातायला उभा राहतो?"

"हेच सांगायचं. खरं आहे ना ते?"

तो ताटावरून उठला. अकरा दिवस तिच्याशी बोलला नाही. त्या अकरा दिवसांत त्याने बोथट पटाश्यांनी काम रेटलं. मर्टल लाकडाची एक मोठी गाठ त्याने चार वर्षं सुकवून ठेवली होती. बोथट पटाशी अडकली आणि गाठ लेथवरच दुभंगली. बाराव्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात आली, तर टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्याने सगळ्या पटाश्या ओळीने ठेवल्या होत्या. स्वतः मासे धरायला निघून गेला होता.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं होतं.

"लावल्या. काय करणार?"

"नसत्या लावल्या तर?"

"क्लॅरी, बोथट पटाशी समोर पडली ना की माझ्या हातांना स्वस्थ बसवत नाही. तू घाणेरडी बस ठेवू शकतोस? तसंच." मग म्हणाली, "आणि तो घाबरायचा रे. खरंच घाबरायचा. वीस वर्षांनीसुद्धा बटण दाबलं की त्याचा हात जबड्याकडे जायचा. ते पाहिल्यावर भांडता येत नाही."

असं ते चालू राहिलं. नव्या पोलादाच्या पटाश्या आल्या, ती त्यांना सरावली. मंडळात पटाशी पकडून धरणारे साचे आले. त्यात अडकवलं की कुणालाही सारखी धार लावता येते. बॅसिलने दोन विकत घेतले. केल्विन नाक मुरडून म्हणायचा, "साचा म्हणजे लंगड्याची कुबडी." सगळे माना डोलवायचे. हातानेच धार लावणारा आता तो एकटाच उरला होता ना.

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात केल्विनच्या फुप्फुसांनी हात टेकले. पन्नास वर्षांचा लाकडाचा भुसा. बॅसिल आणि मी त्याला भेटायला इस्पितळात गेलो. नेरिडा खिडकीपाशी बसून त्याच्यासाठी संत्रं सोलत होती. बॅसिलने बातमी आणली होती. नदीकाठच्या संग्रहालयाला केल्विनच्या पटाश्या हव्या होत्या, कायमच्या मांडायला. बावीसच्या बावीस.

केल्विनचे डोळे भरून आले. त्याने बॅसिलचा हात धरला.

"द्या त्यांना. पण धारेला कुणी हात लावायचा नाही, सांगून ठेवतो. मी लावली तशीच राहू दे."

नेरिडाच्या हातातली फोड अर्धी सोललेली राहिली. ती त्याच्याकडे बघत होती. मला आजही वाटतं, ती त्याला एक संधी देत होती. खोलीत आम्ही चौघंच होतो. तो मरायला टेकलेला. त्याला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. केल्विनने मान खिडकीकडे वळवली आणि म्हणाला, "आज ढग आलेत."

तिने संत्रं पूर्ण सोललं, एकेक फोड त्याच्या तोंडात घातली. चार दिवसांनी तो गेला.

संग्रहालयाकडून टेगन नावाची तरुणी आली. नीट, नम्र मुलगी. प्रत्येक पटाशीचं माप घेतलं, फोटो काढले. मग काचेखाली लावायचा मजकूर वाचून दाखवला. केल्विन थर्ली यांची हत्यारं, प्रत्येक धार त्यांनी स्वतःच्या हातांनी लावलेली. बॅसिल आणि मी तिथे होतो.

"हे चुकलंय," नेरिडा म्हणाली. "धार मी लावलीये."

टेगनने पेन थांबवलं. "तुम्ही... म्हणजे यांतल्या काही?"

"सगळ्या. एकेचाळीस वर्षं."

टेगनने बॅसिलकडे पाहिलं. बॅसिलने डोळ्यांनीच तिला जरा धीर धर अशी खूण केली. ती खूण नेरिडाने पाहिली, मीही पाहिली.

"नेरिडा," तो फार मायेने म्हणाला, "दुःख ताजं आहे गं. तू जरा पड. हे मी बघतो."

"बॅसिल, मला म्हातारचळ लागलेला नाही. शनिवारी सगळ्या मंडळाला घेऊन ये शेडमध्ये. आणि हिलाही. तिथे बघा काय ते."

शनिवारी दहा वाजता चौदा माणसं शेडमध्ये दाटीवाटीने उभी होती. नेरिडा तेव्हा बहात्तर वर्षांची होती. केस मागे बांधलेले, चामडी एप्रन, चष्मा. बॅसिलने आपली स्वतःची पटाशी आणली होती आणि मुद्दाम तिचं टोक सिमेंटच्या पायरीवर घासून पार बोथट केलं होतं. वाईट हेतूने नव्हे, त्याला ते न्याय्य वाटलं. नेरिडाने ती घेतली, अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली.

"चांगली मारून आणलीस की रे."

लोक हसले. तिने चाकावर हिऱ्याची कांडी फिरवून चाक ताजं केलं, बटण दाबलं, पाय फाकवले. आधी दोन्ही कडा मागून पुढे घेतल्या, एक डावी, एक उजवी. मग उताराची मागची कड चाकाला टेकवून मूठ हळूहळू वर उचलली आणि झुलायला लागली. साचा नाही, खूण नाही. आवाज एकदाही फाटला नाही. ठिणग्या धारेवरून उडाल्या त्या क्षणी तिने पटाशी उचलली. सगळं मिळून तीन मिनिटंही लागली नसतील. पन्हळीच्या बाहेरचा उतार एकच एक होता, आरशासारखा, त्यावर एकही पैलू नव्हता.

बॅसिलने लेथवर ब्लॅकवुडचा तुकडा चढवला. स्वतःची पटाशी लावली. रिबीन निघाली, लांब, पातळ, न तुटता, आणि टेगनच्या बुटांवर येऊन पडली.

मग बॅसिलने डोळे पुसले. खरंच पुसले.

"केलने काय शिकवलंय गं तुला!" तो म्हणाला. "वाह रे गुरू!"

आणि टाळ्या पडल्या. चौदाच्या चौदा जणांनी वाजवल्या. कोणी म्हणालं, विद्या घरातच राहिली. कोणी म्हणालं, बघा, चाळीस वर्षं बाजूला उभी राहून नुसतं बघून शिकली. टेगनने लिहून घेतलं.

नेरिडा चाक थांबायची वाट पाहत उभी होती. चाक थांबलं. तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं.

"क्लॅरी," ती म्हणाली, "तू सांग ह्यांना."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी बुटांकडे बघितलं. व्हरांड्यातला केल्विन मला दिसला, हातात कप, पाय पसरलेले. आणि बॅसिलचा चेहरा, भिजलेला, आनंदलेला.

"दोघं मिळून करायचे," मी म्हणालो.

खोटंही नव्हतं ते अगदी. म्हणून तर जास्त वाईट होतं. बॅसिलने माझ्या पाठीवर थाप मारली. "तेच तर! जोडीच तशी होती."

नेरिडाने एप्रन सोडला, घडी केला आणि म्हणाली, "चहा ठेवते."

पुढचा आठवडाभर रोज सकाळी तिच्या शेडमधून ग्राइंडरचा आवाज यायचा. मी कुंपणापलीकडे निष्पर्ण झाडं छाटत होतो. आवाज वेगळा होता, जाडा, दाबून धरल्यासारखा. मला वाटलं, संग्रहालयात द्यायच्या आधी शेवटचा हात फिरवत असेल. जाऊन विचारायची हिंमत झाली नाही. त्या शनिवारनंतर ती मला भेटली की हवेबद्दल बोलायची आणि आत निघून जायची.

बावीस पटाश्या तिने स्वतः कॅनव्हासमध्ये गुंडाळून नेऊन दिल्या. टेगनने हातमोजे घालून त्या ठेवून घेतल्या. केल्विनची शेवटची इच्छा सगळ्यांना ठाऊक होती. धारेला कुणी हात लावला नाही.

उद्घाटनाला शंभरेक माणसं होती. स्कॅलप शिंपल्यांचे पॅटिस होते, वाइन होती. बॅसिलने भाषण केलं. मी गर्दी ओसरल्यावर काचेपाशी गेलो.

धार लागलेली असेल तर ती दिसत नाही. उजेडाला थांबायला तिथे जागाच नसते. धार मेली की तिच्या जागी एक सपाटी येते आणि ती पांढऱ्या रेघेसारखी चमकते. नवशिक्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, रेघ दिसतेय तोवर घासत राहा.

त्या काचेखाली बावीस पांढऱ्या रेघा होत्या. बारीक नव्हे, चांगल्या जाड. तिने एकेक पटाशी समोरून चाकावर दाबून टोकं सपाट केली होती. लोण्याचा गोळासुद्धा त्यांनी कापला नसता. खास दिव्यांखाली त्या रेघा लखलखत होत्या.

माझ्या बाजूला मंडळाचे दोन कातारी उभे होते. वीस-वीस वर्षं लेथवर काढलेले.

"काय चमकतेय बघ," एक म्हणाला.

"थर्ली धार," दुसरा म्हणाला. "आता होणे नाही."

बॅसिल मागून आला, वाकला, चष्मा वर केला, मान हलवत राहिला. आणि पुढे गेला.

मी नेरिडाला माझ्या गाडीतून घरी आणलं. नदीच्या कडेने अर्धा रस्ता मागे पडला.

"मी पाहिलं," शेवटी मी म्हणालो.

"आणखी कुणी पाहिलं?"

"नाही. मी एकट्यानंच."

"तू तर आधीही पाहिलं होतंस, क्लॅरी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने पर्समधून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला. "मला वाटलं होतं निदान बॅसिल ओरडेल. सगळ्यांसमोर म्हणेल, हे काय, ह्या तर बोथट आहेत. मग मी म्हणणार होते, हो, मीच केल्या, कारण धारही मीच लावली होती. सगळं बोलणं ठरवून गेले होते. नवा ब्लाउज घातला होता त्यासाठी."

"मी आत्ता मागे वळवतो गाडी. सांगतो बॅसिलला."

"आता नको. आता तू सांगितलंस तर ते म्हणतील, म्हातारीने रागाने नवऱ्याची हत्यारं नासवली. तेवढंच लक्षात ठेवतील." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एवढं वाईट काम मी आयुष्यात केलं नव्हतं."

वसंतात तिने घर विकलं आणि उत्तर किनाऱ्यावरच्या पेंग्विन नावाच्या गावी बहिणीकडे राहायला गेली. मी तीन पत्रं पाठवली. नाताळात एक कार्ड आलं, त्यावर फक्त तिची सही होती. त्यानंतर काही नाही.

दोन हजार सोळाच्या मार्चमध्ये तिच्या भाचीचा फोन आला. मी बस करून पेंग्विनला गेलो. अंत्यविधीला बारा-पंधरा माणसं होती, आमच्या मंडळातून मी एकटा. बॅसिलला गुडघ्यांमुळे जमलं नाही. पाद्री म्हणाला, नेरिडाला बागेची आवड होती, ती उत्तम स्कोन करायची आणि एका थोर कलावंताची एकनिष्ठ साथीदार होती.

बाहेर पार्किंगमध्ये भाची माझ्याजवळ आली. चाळिशीतली, लव्हेन्या नावाची, शाळेत शिकवणारी. म्हणाली, "तुम्ही मावशीचे शेजारी ना? ती स्वतःबद्दल कधीच काही बोलायची नाही. नक्की काय करायची हो ती?"

मी तिला सगळं सांगितलं. बापाची खोली, फुटलेलं चाक, व्हरांडा, इस्पितळ, शनिवार, बावीस रेघा. पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होतो. अर्धा तास तरी गेला असेल. समुद्रावरून वारा येत होता आणि ती कोट धरून ऐकत उभी होती.

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि त्या शनिवारी तिने तुम्हाला विचारलं."

"हो."

"मग का नाही बोललात?"

मी कारणं शोधली. केल्विन माझा मित्र होता. बॅसिल रडत होता. चौदा माणसं बघत होती. ती सगळी कारणं मी तिला सांगू लागलो. दुसऱ्या कारणापर्यंत आलो तेव्हा तिने पर्समधून गाडीची किल्ली काढली होती.

"तुमची बस चुकेल," ती म्हणाली, आणि निघून गेली.

संग्रहालयाला मी त्याच महिन्यात पत्र लिहिलं. टेगन तिथून गेली होती. नव्या बाईंचं उत्तर आलं. माहितीबद्दल आभार, नोंद घेतली आहे, पण दोन्ही व्यक्ती हयात नसल्याने पडताळा करणं अवघड आहे. मी परत लिहिलं, पडताळा कशाला हवा, काच उघडा आणि अंगठा लावून बघा. त्या पत्राला उत्तर आलं नाही. मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा मजकूर तोच होता, दिवे मात्र नवे बसवलेत.